सांधे काहून दुखतात, कोणाचे दुखतात: नागपूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नागपुरातच शिकले आणि इथेच काम करते. व्यायाम करता करता पेशंट आणि त्यांच्यासोबत आलेली घरची मंडळी जे विचारतात ते फिरून फिरून तेच असतं, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. औषधांची नावं, डोस इथे मिळणार नाहीत, ते तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. इथे आहे ते "मलाच काहून झालं" आणि "आता माझ्या पोरांना होईल का" याबद्दल.

संधिवात म्हणजे नेमका कोणता आजार? कोणी गठिया म्हणतं, कोणी वात, कोणी युरिक ॲसिड.

एक आजार नाहीच तो. शंभराच्या वर प्रकार आहेत आणि आपण सगळ्यांना एकाच पोत्यात भरतो, तिथेच घोळ सुरू होतो. आपल्याकडे जास्त दिसणारे सांगते. पहिला झिजेचा, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, गुडघ्याची गादी घासली असं लोक म्हणतात तो. दुसरा आमवात, म्हणजे रुमॅटॉईड, यात शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा आपल्याच सांध्यांवर हल्ला करते. तिसरा गाऊट, युरिक ॲसिडचे खडे सांध्यात जमतात तो. चौथा कण्याचा, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, आणि हा तरुण पोरांना धरतो. याशिवाय सोरायसिसवाला (सोरायसिस हा त्वचेचा आजार) आणि चिकुनगुनियानंतरचा, त्यांचं खाली येईल. प्रत्येकाची कारणं वेगळी, होणारी माणसं वेगळी, इलाज वेगळा. त्यामुळे "माझ्या साळ्याला ह्या गोळीने फरक पडला" हे ऐकून त्याची गोळी तुम्ही घेऊ नका, त्याचा आजार कदाचित तुमचा नसेलच.

साठी आली की गुडघे जाणारच ना?

वय हे झिजेच्या संधिवाताचं सगळ्यात मोठं कारण आहे, खरं आहे, पण "जाणारच" असं नाही. ऐंशीचे आजोबा अंबाझरीला रोज सकाळी फिरताना मी पाहते आणि पंचेचाळीशीच्या ताई जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरतात तेही पाहते. वयासोबत बाकी काय काय जोडलं जातं त्यावर ठरतं: वजन, जुनी मार, मांडीचे स्नायू किती दमदार आहेत, पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले आहेत का, आईवडिलांचं काय होतं. आणखी एक, एक्सरेमध्ये झीज दिसणं आणि दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्सरे खराब असूनही न दुखणारे गुडघे खूप असतात, तेव्हा नुसता एक्सरे पाहून रडू नका.

वजनाचा एवढा काय संबंध? डॉक्टर प्रत्येक वेळी वजनावरच येतात.

येतात कारण या बाबतीत आपल्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. जाड माणसांच्या चालण्यावर अभ्यास झाला त्यात दिसलं की एक किलो उतरवलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो, आता दिवसाची पावलं मोजा आणि गुणा. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या लोकांना वर्षानुवर्षं तपासलं गेलं, तिथे ज्या बायकांनी दहा वर्षांत पाचेक किलो कमी केले त्यांच्यात गुडघ्याच्या दुखऱ्या संधिवाताचा धोका निम्म्याहून खाली आला. पाच किलो. पंचवीस नाही. माझ्याकडे येणाऱ्या काकू "आता ह्या वयात कुठे बारीक होऊ" म्हणतात तेव्हा मी हाच आकडा सांगते.

आणि फक्त भाराचाच प्रश्न असता तर हाताच्या बोटांचं काय, आपण काही हातावर चालत नाही, तरी जाड माणसांमध्ये बोटांच्या सांध्यांची झीजही जास्त सापडते. चरबी नुसती पडून राहत नाही, ती सूज वाढवणारे पदार्थ रक्तात सोडत राहते. गाऊट, आमवात, सोरायसिसचा संधिवात या तिन्हींमध्येही वजनाचा हात आहे.

बायकांनाच हे जास्त काहून होतं?

सगळेच प्रकार बायकांना जास्त होत नाहीत. आमवात बायकांमध्ये दोन ते तीन पट जास्त आहे, गुडघ्याची झीज पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये झपाट्याने वाढते. उलट गाऊट पुरुषांचा, कारण पाळी चालू असेपर्यंत बाईचं इस्ट्रोजेन युरिक ॲसिड लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करतं, पाळी गेली की ते कवच जातं.

बाळंतपणाबद्दल एक गोष्ट घरोघरी माहीत असायला पाहिजे. गरोदरपणात आमवात बऱ्याच जणींचा शांत होतो आणि बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत उसळतो, कित्येकींना पहिल्यांदा सुरूच तेव्हा होतो. मग घरात सगळे म्हणतात बाळंतपणात वारं लागलं, नीट शेकलं नाही, डोक्याला बांधलं नाही, आणि त्या पोरीची सुजलेली बोटं सहा महिने कोणी पाहतच नाही. बाळंतिणीची बोटं सकाळी तासभर आखडत असतील तर कृपा करून तिला दाखवून आणा.

खाली मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, जिने चढणं यानेच झीज होते का?

थोडा वेळ बसल्याने काही होत नाही, आपली अख्खी पिढी जमिनीवर बसून जेवली आहे. धोका आहे तो वर्षानुवर्षं रोज तासन्तास उकिडवं बसून किंवा गुडघे टेकून काम करण्यात, आणि त्यात ओझं उचलायचं असेल तर अजूनच. कळमन्यात पोती वाहणारे हमाल, फरशी बसवणारे, धुणंभांडी करणाऱ्या मावशी, धान रोवणाऱ्या बाया, यांचे गुडघे लवकर जातात आणि सुट्टी घेणं यांनाच परवडत नाही. घरी काम करणाऱ्या मावशींना फरशी पुसायला उभ्याचा पोछा आणि भांडी घासायला ओटा द्या, दोनतीनशे रुपयांचा पोछा येतो.

एकदा गुडघा दुखायला लागल्यावर मात्र उकिडवं बसणं कमी करा, संडासात कमोड करून घ्या किंवा कमोडची खुर्ची आणा.

फुटाळ्यावर रनिंग करतो, गुडघे झिजतील का?

हौशी धावणाऱ्यांचे नाही झिजत. बऱ्याच अभ्यासांची बेरीज करून २०१७ मध्ये आकडे मांडले गेले, त्यात गुडघा आणि खुब्याची झीज हौशी धावपटूंमध्ये ३.५ टक्के होती आणि बसून राहणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के. स्पर्धेत उतरणाऱ्या कसलेल्या धावपटूंमध्ये मात्र १३ टक्क्यांच्या वर. सांध्याला हालचालीतूनच पोषण मिळतं, हाडांच्या टोकांवरच्या मऊ कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. धावा, फक्त एकदम आठवड्याभरात दोनावरून दहा किलोमीटरवर जाऊ नका.

कॉलेजात असताना गाडीवरून पडलो होतो, लिगामेंट तुटलं होतं. त्याचा आता काय संबंध?

भरपूर संबंध आहे. गुडघ्याचं समोरचं लिगामेंट किंवा आतली गादी फाटलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांमध्ये दहा ते वीस वर्षांत झीज दिसायला लागते, म्हणजे विशीत कबड्डी खेळताना मार लागला तर पस्तिशी-चाळिशीतच म्हाताऱ्याचा गुडघा. ऑपरेशन करून लिगामेंट बसवलं तरी धोका पूर्ण जात नाही. म्हणून दुखणं थांबलं की व्यायाम बंद, असं करू नका (मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं, पोट्टे दोन महिने येतात आणि बाइक चालवता आली की गायब होतात). मांडीचा पुढचा स्नायू दमदार ठेवणं हा तुमचा जन्मभराचा विमा आहे.

बोटं मोडल्याने संधिवात होतो का?

नाही. कॅलिफोर्नियातल्या डोनाल्ड उंगर नावाच्या डॉक्टरने पन्नास वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्या हाताची नाही, शेवटी दोन्ही हात सारखेच निघाले, कुठेच संधिवात नाही. हे त्याने १९९८ मध्ये छापलं. एका माणसाचा प्रयोग आहे, पण मोठ्या गटांवरच्या पाहण्यांमध्येही संबंध सापडला नाही.

आमवात कोणाला होतो? आमच्याकडे तर कोणालाच नव्हता.

माझ्या आईकडेही कोणालाच नव्हता. अडतिसाव्या वर्षी तिची बोटं सुजायला लागली, सकाळी लाटणं धरता यायचं नाही, दहा वाजेपर्यंत हात हळूहळू मोकळा व्हायचा आणि मग ती दिवसभर कामं करायची, म्हणून कोणाला खरंच वाटलं नाही. घरचे म्हणाले वात आहे, शेजारच्या म्हणाल्या थंड पाण्यात हात घालू नको, एका ओळखीच्या डॉक्टरांनी दोन वर्षं दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या. खरं निदान झालं तोवर बोटं करंगळीच्या दिशेला वळली होती, ती परत सरळ झाली नाहीत. आजही कुकरचं झाकण तिला लावता येत नाही.

आता प्रश्नाकडे. पुण्याजवळच्या भिगवणला १९९६ पासून घरोघरी जाऊन पाहणी झाली, त्यात आमवात साधारण ०.५ टक्के लोकांत सापडला, म्हणजे दोनशे माणसांत एक. बहुतेकांना तिशी ते साठीच्या मध्ये सुरू होतो. घराण्यात असेल तर धोका वाढतो, पण नसला तरी होऊ शकतो, कारण जनुकं फक्त दार उघडं ठेवतात, आत कोणीतरी ढकलावं लागतं. ढकलणाऱ्यांमध्ये पहिला नंबर सिगारेट-बिडीचा. तसली जनुकं आणि सिगारेट एकत्र आली तर धोका नुसता बेरजेने नाही वाढत, गुणाकाराने वाढतो. सोडल्यावर धोका उतरतो पण सावकाश, त्याला वर्षं लागतात, म्हणून जितकं लवकर सोडाल तितकं बरं.

दुसरं, हिरड्यांचा आजार. हिरड्या कुजलेल्या, दात हलणारे अशांमध्ये आमवात जास्त दिसतो, हिरड्यांतले काही जंतू शरीरातली प्रथिनं बदलतात आणि शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवू लागतं असं मानलं जातं. इथे मला खर्ऱ्याबद्दल, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाबद्दल, बोलायचंच आहे. खर्ऱ्याने थेट आमवात होतो असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही, पण खर्ऱ्याने हिरड्या आणि तोंडाची जी वाट लागते ती मी रोज पाहते, तोंड दोन बोटं उघडत नाही अशी पंचविशीतली पोरं येतात. तोंडाचा कॅन्सर हेच सोडायला पुरेसं कारण आहे.

तिसरं, धूळ. दगडाच्या खाणी, क्रशर, फाउंड्री, ड्रिलिंग, जिथे सिलिकाची बारीक धूळ छातीत जाते तिथल्या कामगारांत आमवात जास्त असतो. १९५३ साली कॅप्लन नावाच्या डॉक्टरने वेल्सच्या कोळसा खाणकामगारांमध्ये आमवात आणि फुफ्फुसातल्या गाठी एकत्र पाहिल्या, तेव्हापासून त्याला कॅप्लन सिंड्रोम म्हणतात. आपल्या आजूबाजूला उमरेड, सावनेर, कामठीला कोळसा आहे, मनसर-कांद्रीला मँगनीज आहे. खाणीत काम करणाऱ्या भावाची बोटं सुजली आणि खोकलाही आहे तर डॉक्टरांना कामाबद्दल आठवणीने सांगा, ते विचारायची वाट पाहू नका.

आर ए फॅक्टर पॉझिटिव्ह आला, म्हणजे आमवात पक्का?

पक्का नाही. आर ए फॅक्टर ही आमवातासाठी करतात ती रक्ताची टेस्ट. धडधाकट माणसांतही काही टक्के लोकांत तो पॉझिटिव्ह येतो, वय वाढलं की जास्तच. आणि उलटं पण आहे, आमवात असलेल्या दर चारपाच जणांत एकाचा निगेटिव्ह असतो. अँटी सीसीपी नावाची दुसरी टेस्ट जास्त नेमकी आहे. पण निदान हात पाहून, सूज दाबून, सकाळचा आखडलेपणा विचारून होतं. पॅकेजमध्ये फुकट मिळाली म्हणून ही टेस्ट करू नका, नुसती झोप उडते.

युरिक ॲसिड ७.४ आलंय. वरण, पालक, टमाटर सगळं बंद केलं. बरोबर केलं ना?

दुखलं होतं का कधी? पायाच्या अंगठ्याचा मूळ सांधा रात्रीतून लालबुंद सुजला, चादर लागली तरी जीव जातोय, असं झालं असेल तर गाऊट. कधीच झालं नसेल तर फक्त रिपोर्टमधला आकडा आहे, आणि आकडा वाढलेल्या बहुतेकांना आयुष्यभर गाऊट होत नाही. ६.८ च्या वर युरिक ॲसिड रक्तात नीट विरघळून राहत नाही म्हणून डॉक्टर लक्ष ठेवतात, एवढंच. तुमचे गुडघे जिना उतरताना दुखत असतील आणि युरिक ॲसिडही वाढलेलं असेल तर बहुतेक या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

वरण सोडायची गरज नाही. डाळी, पालक, मशरूम यांच्यात प्युरिन (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं) असलं तरी त्यांनी गाऊटचा धोका वाढत नाही हे २००४ मधल्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात स्पष्ट दिसलं. म्हणजे गोळाभात आणि पाटवडी खा. सावजी मात्र विचार करून. मटण, त्यातही खूर, सुंदरी, कलेजी हे सगळं प्युरिनने भरलेलं, वर बियर असेल तर झालंच, दारूत बियर सगळ्यात वाईट. सोबत थंड पेयांतली साखर, फ्रुक्टोज युरिक ॲसिड वाढवतं. किडनीचा आजार, बीपी, जाडी, आणि बीपीसाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, कमी डोसची ॲस्पिरिन यांनीही वाढतं, पण त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, हृदयासाठी दिलेल्या असतात.

आणि आपला मे महिना. अंगातलं पाणी आटलं की युरिक ॲसिड घट्ट होतं. अमेरिकेत गाऊटच्या पेशंटवर झालेल्या अभ्यासात उष्ण आणि कोरड्या दिवसांमागे अटॅक जास्त आले. आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या वर आणि हवा कोरडीठक्क, त्यात कोणाच्या तरी लग्नात दुपारभर पंगती वाढायच्या आणि रात्री मटण-बियर. अटॅक त्याच रात्री येतो. गाऊट असेल तर उन्हाळ्यात पाण्याची बाटली सोडू नका, किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल तर पाणी किती ते डॉक्टरांना विचारा.

संत्री आंबट, त्याने सांधे धरतात ना?

नाही धरत. व्हिटॅमिन सी ने युरिक ॲसिड थोडं उतरतंच. फक्त फोडी खा, मोठे मोठे ग्लास ज्यूस नको, ज्यूसमध्ये चोथा जातो आणि साखरच उरते.

चिकुनगुनिया होऊन चार महिने झाले, अजून घोटे आणि मनगटं दुखून राह्यले. हा संधिवात आहे का?

असू शकतो. या आजाराचं नावच टांझानियातल्या माकोंडे भाषेतलं आहे, दुखण्याने वाकून जाणं असा त्याचा अर्थ. २००६ मध्ये विदर्भात मोठी साथ आली होती, २०२४ च्या पावसाळ्यात नागपुरात पुन्हा आली, त्या वर्षी माझ्याकडे दिवाळीनंतरही रांग होती. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत जातं, काहींचं महिनोन्‌महिने राहतं. राहण्याचा धोका कोणाला जास्त: पंचेचाळिशी ओलांडलेले, बायका, आधीच सांध्यांचा आजार असलेले, आणि तापाच्या दिवसांतच ज्यांना फार जोरात दुखलं ते. तीन महिन्यांनंतरही सूज असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा, कारण तो हुबेहूब आमवातासारखा दिसतो आणि कधी कधी खरंच आमवात निघतो.

चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. दिवाळीपर्यंत खिडकीत पडून राहिलेला कुलर म्हणजे त्याचं घर. उन्हाळा संपला की कुलर रिकामा करून, टाकी घासून, कोरडा करून ठेवा.

मुलगा चोवीस वर्षांचा, सकाळी कंबर आखडते. जिममुळे असेल?

विचारा त्याला, आराम केल्याने बरं वाटतं की हालचालीने. स्नायूचं दुखणं आरामाने कमी होतं. रात्री उत्तरार्धात झोपमोड होते, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेलं असतं, फिरल्यावर मोकळं होतं आणि असं तीन महिन्यांवर चाललंय, तर अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस तपासलाच पाहिजे. पंचेचाळिशीच्या आत सुरू होतो, मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त. एचएलए बी२७ नावाचं जनुक याच्याशी जोडलेलं आहे, पण ते असलेल्या बहुतेकांना आजार होत नाही. डोळा लाल होऊन दुखला असेल पूर्वी, तर तेही सांगा.

सोरायसिसमुळे सांधे दुखतात?

हो. सोरायसिसच्या पेशंटपैकी तिसऱ्या हिश्शापर्यंत लोकांना संधिवात होतो. नखांवर बारीक खड्डे, डोक्यात चट्टे असतील तर जास्त लक्ष ठेवा. डोक्यातला कोंडा समजून वर्षं काढलेले लोक मी पाहिलेत.

सिकलसेलचा काही संबंध?

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, संधिवात नाही, पण विदर्भात तो इतका आहे की लिहायलाच हवं. त्यात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड आतून मरतं आणि तरुण वयात सांधा जातो. वीस वर्षांचा मुलगा लंगडतोय तर ती टेस्टही करा. तसंच चंद्रपूर, यवतमाळच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, त्यानेही पाठ-सांधे ताठ होतात.

एक पुडी मिळते, दोन दिवसांत दुखणं गायब. घेऊ का?

नका घेऊ. कोणतंही लेबल नसलेली, दोन दिवसांत जादू करणारी पुडी असेल तर त्यात स्टेरॉईड असण्याची शक्यता फार. महिनोन्‌महिने घेतलं की चेहरा सुजतो, शुगर वाढते, हाडं पोकळ होतात, आणि खुब्याचं हाड मरतं, म्हणजे गुडघ्यासाठी घेतलेल्या पुडीने खुबा जातो. आधीपासून घेत असाल तर एकदम बंदही करू नका, तेही धोक्याचं आहे, पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि लाजू नका. स्टेरॉईड डॉक्टरांच्या हातात चांगलं औषध आहे, पण तिथे डोस आणि दिवस लिहिलेले असतात.

लहान मुलांना होतो?

होतो. सोळा वर्षांच्या आत, सहा आठवड्यांहून जास्त सांधा सुजलेला असेल तर तपासा. मूल दुखतंय म्हणत नाही, ते फक्त सकाळी उचलून घ्या म्हणतं.

लगेच कधी धावायचं?

एकच सांधा अचानक लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप. सांध्यात पू झालेला असू शकतो, काही दिवसांत सांधा खराब होतो. रात्र असली तरी मेडिकल, मेयो (नागपुरातली सरकारी रुग्णालयं), जे जवळ पडेल तिथे इमर्जन्सीत जा. बाकी, सकाळी अर्ध्या तासाच्या वर आखडणं आणि बोटांना-मनगटांना सूज, हे काही आठवडे चाललं तर रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचे डॉक्टर. नुसती गुडघ्याची झीज असेल तर हाडांचे डॉक्टर आणि व्यायाम.

तुमच्या आईला आमवात आहे, मग तुम्हाला भीती नाही वाटत?

वाटते, थंडीत सकाळी हात जड वाटला की वाटतेच. आईवडील किंवा भावंडांत असेल तर धोका साधारण तिप्पट होतो, पण मूळ आकडाच लहान आहे आणि तिप्पट करूनही तो लहानच राहतो. हुबेहूब जुळ्या बहिणींत एकीला असला तरी दुसरीला होतो असं साधारण १५ टक्के वेळाच घडतं. मी त्रास नसताना टेस्ट केलेली नाही. वर्षातून दोनदा दातांच्या डॉक्टरांकडे जाते, वजन पाहते, आणि घरात बिडी-सिगारेट कोणाला ओढू देत नाही, मामाही आला की गेटबाहेर जातो. माझ्या मुलीला मी मूठ घट्ट वळून दाखवायला शिकवलंय. आजीचा हात हातात घेऊन ती आपली मूठ त्याच्या शेजारी धरते आणि विचारते, "आजी, तुझी सकाळी किती वाजता वळते?" आजी खरं सांगते, हल्ली औषधांमुळे साडेसातला वळते.